'क्लीन करून बघ' हे उत्तर नव्हे!

कोड बदलला, सेव्ह केला, पान रिफ्रेश केलं... आणि समोर कालचाच निकाल. मग शेजारच्या क्युबिकलमधून तो अजरामर सल्ला येतो, "क्लीन करून परत बिल्ड मार रे, होईल." आणि होतंही! माझं भांडण नेमकं इथेच आहे.

झालं म्हणजे काय झालं? जुना कोड कुठून चालत होता याचा पुरावा आपणच पुसून टाकला. चोर कुठून आला ते न बघता घर झाडून लख्ख केलं. परवा तो परत येणार, खिडकी उघडीच आहे.

पायथनचंच घ्या. तो मूळ फाईल एकदा कंपाईल करून पीवायसी बनवून ठेवतो. पुढच्या वेळी मूळ फाईलची बदलाची वेळ आणि आकार पीवायसीत नोंदलेल्या आकड्यांशी जुळले, की जुनीच पीवायसी चालवतो. पायथन २ मध्ये तर मूळ फाईल डिलीट केली तरी शेजारी पडलेली पीवायसी बिनबोभाट इम्पोर्ट व्हायची. म्हणजे तुमच्या मशीनवर सगळं छान आणि नव्या सर्व्हरवर धाडकन आपटलं! २०११ च्या ३.२ आवृत्तीत पीवायसी वेगळ्या फोल्डरात गेल्या, तेव्हा हे भूत उतरलं. २०१८ च्या ३.७ पासून मजकुराच्या हॅशवर तपासायची सोयही आहे, पण डिफॉल्ट अजून घड्याळच.

घड्याळावरचा हा भरवसा जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं 'मेक'सुद्धा फाईलींच्या वेळा बघूनच काय बिल्ड करायचं ते ठरवतं. आज कोड लॅपटॉपवर, चालतो व्हर्च्युअल मशीनमध्ये. घड्याळं दोन, आणि त्यांचं जमतंच असं नाही.

डॉकरची तऱ्हा आणखी वेगळी. कोड इमेजमध्ये कॉपी केलेला असेल तर कंटेनर शंभरदा रीस्टार्ट करा, आतला कोड तोच राहणार. इमेज नव्याने बांधल्याशिवाय सुटका नाही. फाईल बदलली की आपोआप रीलोड करणारी टूल्स लिनक्सवर बहुधा आयनोटिफायवर चालतात, आणि नेटवर्क शेअरवर दुसऱ्या मशीनने केलेला बदल आयनोटिफायला कळतच नाही.

यावर सीनियर मंडळींचं ठरलेलं वाक्य - "डेडलाईन आहे बाबा, संशोधनाला वेळ कुणाला?" अहो, पाच मिनिटांचं काम आहे! फाईलमध्ये मुद्दाम एक धडधडीत सिंटॅक्स एरर टाका. प्रोग्रॅम तरीही खुशाल चालला, तर तो ही फाईल वाचतच नाहीये. मग पायथनला मॉड्यूलचा पाथ प्रिंट करायला लावा, जावाला व्हर्बोज क्लास लावून कुठल्या जारमधून क्लास उचलला ते विचारा, प्रोसेस कधी सुरू झाली ते बघा. त्यानंतर काय ते क्लीन करा, माझी ना नाही.

कारण यात भरडला जातो तो नवा पोरगा किंवा पोरगी. त्याने पहिल्या झटक्यात केलेली दुरुस्ती बरोबर असते, पण परिणाम दिसत नाही म्हणून तो ती काढून टाकतो. मग दुसरीकडे तीन बदल करतो, रात्री नऊला कुणीतरी क्लीन बिल्ड मारतं, आणि ते तिन्ही बदल एकदम जिवंत होतात. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न त्यालाच विचारला जातो... कॅशेला नाही.