पाळकाची दीक्षा मंडळीच्या हाती. नोंद मात्र कोणाकडेच नाही

अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट समूह असलेल्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनमधील पाळकपदाचा वाद गेली काही वर्षे स्त्रियांच्या प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. त्यामागील मूळ प्रश्न मात्र जुना आणि अधिक गंभीर आहे. पाळक ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अपात्र निघाल्यास इतरांना सावध करण्याची जबाबदारी कोणाची?

कॅथलिक व अँग्लिकन परंपरेत दीक्षा बिशपच्या हातून होते. बाप्टिस्टांमध्ये बिशपच नाही. देवाचे पाचारण झाल्याचे उमेदवार आपल्या मंडळीला सांगतो. मंडळी त्याला आधी उपदेश करण्याची परवानगी देते. पुढे परिसरातील दीक्षित पाळक त्याच्या श्रद्धेची आणि सिद्धान्तज्ञानाची तोंडी परीक्षा घेतात. त्यानंतर मंडळी मतदान करते आणि मस्तकावर हात ठेवून दीक्षा दिली जाते. समूहाची सहा धर्मशिक्षण विद्यालये आहेत, परंतु पदवीची सक्ती नाही. एकोणिसाव्या शतकात आठवडाभर शेती करून रविवारी उपदेश करणाऱ्यांनी गावोगाव मंडळ्या उभारल्या, त्या याच मोकळिकीच्या बळावर.

सुमारे ४७ हजार मंडळ्यांचे कन्व्हेन्शन या प्रक्रियेत कोठेही नसते. ते दीक्षा देत नाही, त्यामुळे ती काढूनही घेऊ शकत नाही. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ व ‘सॅन अँटोनियो एक्स्प्रेस-न्यूज’ या दैनिकांनी २०१९ मध्ये या व्यवस्थेची दुसरी बाजू उघड केली. वीस वर्षांत सुमारे ३८० पाळक, कर्मचारी व स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले होते; पीडितांची संख्या सातशेहून अधिक होती. त्यांतील काही जण पुढे दुसऱ्या मंडळीत रुजू झाले होते. अशा व्यक्तींची नोंदसूची करावी ही मागणी २००८ मध्येच फेटाळली गेली होती. स्थानिक मंडळीची स्वायत्तता, हे त्याचे कारण देण्यात आले. प्रत्यक्षात कार्यकारी समितीच्या कार्यालयातच सातशेहून अधिक आरोपितांची यादी ठेवली जात होती, हे २०२२ च्या स्वतंत्र चौकशीत निष्पन्न झाले.

हीच स्वायत्तता स्त्री पाळकांच्या बाबतीत आड आली नाही. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चने २०२१ मध्ये तीन स्त्रियांना दीक्षा दिली. २०२३ मध्ये या मंडळीला समूहाबाहेर काढण्यात आले आणि न्यू ऑर्लिन्स येथील अधिवेशनात सुमारे ८८ टक्के प्रतिनिधींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. पाळक केवळ पुरुषच असावेत, अशी घटनादुरुस्ती २०२४ व २०२५ मध्ये सुमारे ६१ टक्के मते मिळूनही दोन-तृतीयांशांअभावी बारगळली. अत्याचारी पाळकांना आश्रय देणाऱ्या काही मंडळ्यांवरही २०२० पासून बडतर्फीची कारवाई झाली, हे नमूद करावयास हवे. परंतु बडतर्फ होते ती मंडळी. पाळकाची दीक्षा अबाधितच राहते.

म्हणूनच माहितीची देवाणघेवाण हाच या रचनेत शक्य असलेला खरा उपाय ठरतो. त्यासाठी सार्वजनिक संकेतस्थळ उभारण्याचा निर्णय २०२२ च्या अ‍ॅनाहाइम अधिवेशनात झाला. ‘तो सध्याचा अग्रक्रम नाही’, असा पवित्रा कार्यकारी समितीचे अध्यक्ष जेफ आयोर्ग यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतला. त्यामुळे नवा पाळक नेमणाऱ्या मंडळीच्या हाती उरतात त्या न्यायालयीन नोंदी आणि आधीच्या मंडळीला करावयाचा दूरध्वनी. जी तक्रार पोलिसांपर्यंत गेलीच नाही, ती न्यायालयाच्या नोंदीत सापडत नाही.