छप्पर कोणाचे, कायदा कोणासाठी?

मुसी नदीच्या उत्तर तीरावर, काचीगुडा रेल्वे स्थानकाच्या पलीकडे पसरलेली अंबरपेठ ही हैदराबादची एक जुनी आणि दाट वस्ती. अंबर म्हणजे आकाश. वस्तीचे नाव त्यावरून पडले असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तेथील सामान्य माणसाचा आकाशाशी येणारा संबंध केवळ दाहाचा असतो, आणि या दोहोंच्या मध्ये जे काही असते त्याचे नाव छप्पर. ते छप्पर त्याचे रक्षण करते की त्याला भाजून काढते, हा आता केवळ बांधकामाचा प्रश्न राहिलेला नाही. तो जीवनमरणाचा प्रश्न झाला आहे.

अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीच्या प्रमाणापेक्षा १,३४४ माणसे अधिक दगावली, तेव्हा देशाला या प्रश्नाची पहिली मोठी जाणीव झाली. त्या नगरीने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तेलंगण सरकारने ‘शीतल छप्पर’ धोरण जाहीर केले. सूर्याची उष्णता शोषून न घेता परतवणारे छप्पर सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्तीचे करणारे हे देशातील पहिले राज्यव्यापी धोरण होय. २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरे अशी करावयाची, पैकी २०० एकट्या हैदराबाद परिसरात, असा संकल्प त्यात आहे. संकल्प स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

मात्र धोरणातील एका कलमापाशी आम्ही अडखळतो. राहत्या घरांपैकी ६०० चौरस वार किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील घरांनाच ही सक्ती आहे. त्याहून लहान घरांसाठी ती ऐच्छिक ठेवली आहे. आता अंबरपेठेच्या गल्लीबोळांतील संसारांना ६०० चौरस वार कोठून असणार? मोठ्या भूखंडावरच्या घरात वातानुकूलन यंत्र असते, अंगणात झाड असते. खरा ताप होतो तो सिमेंटच्या पत्र्याखाली किंवा एकेरी स्लॅबखाली राहणाऱ्याला. गरिबावर खर्चाची सक्ती नको, ही सरकारची भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु सक्ती नको याचा अर्थ साहाय्यही नको, असा होत नाही. हैदराबादेतच देवरकोंडा बस्तीतील २५ घरांवर २०१७ साली पांढरे आवरण घालून प्रयोग करण्यात आला, तेव्हा घरातील तापमान सरासरी सुमारे २ अंशांनी उतरल्याचे दिसले. उपाय ठाऊक आहे, तो परवडण्याजोगाही आहे. ज्याला तो सर्वांत अधिक हवा त्याच्यापर्यंत पोचविण्याची जबाबदारी तेवढी कोणी घेतलेली नाही.

पूर्वी छपराचे रूप आभाळ ठरवीत असे. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात पाऊस बेताचा, ऊन प्रखर. म्हणून तेथे लाकडाच्या पाटणीवर मातीचा जाड थर दिलेले सपाट माळवद आले. ती माती दिवसाचे ऊन आत येऊ देत नसे. अर्थात जुने ते सर्वच सोने नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड माळवदे आणि दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. तेव्हापासून मातीच्या छपराची धास्ती बसली ती योग्यच. पण तिच्या जागी स्लॅब आणि पत्रा आला, आणि उन्हाचा विचार मात्र कोणी केला नाही. पत्रा दुपारी तापतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते घरात ओकतो. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिकच घातक होते.

हैदराबादचे हे दुखणे आमच्या किनाऱ्याला ठाऊक नाही असे वाचकांनी समजू नये. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा दुपारपूर्वीच सोडाव्या लागल्या होत्या. आमच्या पूर्वजांनी माडाच्या चुडतांनी, पुढे नळ्यांनी आणि १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौलांनी घरे शाकारली. उतरत्या छपरावरून पागोळ्या वाहून जात, आणि कौलांच्या फटींतून घरातली गरम हवा वर निघून जाई. आज आम्ही कौले उतरवून स्लॅब घालतो, तो गळू लागला की त्यावर पुन्हा रंगीत पत्रे चढवितो. म्हणजे उतरत्या छपराची गरज आम्हांस आहेच. ती आम्ही दुप्पट खर्च करून मान्य करतो, इतकेच.

तेव्हा तेलंगणाचे अनुकरण डोळे मिटून करू नये. आमच्या पावसात पांढऱ्या गच्चीवर दोन पावसाळ्यांत शेवाळ चढेल आणि रंगाचा गुण सरेल. येथे हवा खेळती ठेवणारे उतरते छप्पर हाच राजमार्ग आहे. कौलारू घर राखणाऱ्यास डागडुजीसाठी अर्थसाहाय्य, कौले शाकारणाऱ्या कारागिरांच्या नव्या पिढीस प्रशिक्षण, स्लॅबवर पत्रे घालताना मध्ये हवा वाहण्यास मोकळी जागा ठेवण्याचा नियम आणि सरकारने स्वतः बांधावयाच्या शाळा व आरोग्य केंद्रांपासून आरंभ, एवढे तरी आमच्या राज्यकर्त्यांना अशक्य नसावे.

आणि हे करताना अंबरपेठेचा धडा विसरू नये. छपराचा कायदा मोठ्या बंगल्यापासून सुरू होऊन तेथेच संपत असेल, तर तो सूर्यापासून कोणाचेही रक्षण करणार नाही. ज्याच्या डोक्यावर सर्वांत पातळ छप्पर आहे, त्याच्यापासून मोजणीला आरंभ व्हावा.