आजीला अडाणी म्हणण्याआधी



"म्हातारी अडाणी आहे, गोळ्या नीट घेत नाही." दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात आणि आपल्या घरातही हे वाक्य सर्रास ऐकू येतं. या वाक्याचा आम्ही निषेध करतो. पाकिटावर नाव इंग्रजीत, चिठ्ठी इंग्रजीत, सांगणारा घाईघाईत मराठीत बोलणार आणि ऐकणारी जतच्या पूर्व भागातली कानडी आजी. मग अडाणी कोण?

सांगली-सातारा म्हणजे फक्त मराठी नव्हे. जतच्या सीमेवरच्या गावांत कानडी चालते. वडार वस्तीत वडारी, मोहल्ल्यात दखनी, पारध्यांच्या पालावर त्यांची बोली. कर्नाटकातून मिरजेला उपचारासाठी येणारे वेगळेच. खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. घरी उरली म्हातारी माणसं आणि गोळ्यांची पिशवी.

या पिशवीत मरणही असू शकतं. रक्तदाबाचं अ‍ॅम्लोडिपिन हे एकच औषध अ‍ॅम्लाँग, स्टॅमलो अशा अनेक नावांनी विकलं जातं. दोन डॉक्टरांनी दोन नावं लिहिली की आजोबा दुप्पट डोस घेतात. साखरेची ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं की घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी. सांधेवाताची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. "जेवणाआधी" हे "ऊटद मोदलु" असं सांगायला किती खर्च येतो?

काही जण म्हणतील, महाराष्ट्रात राहता तर मराठी शिका. बेळगावातल्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत मिळावा ही मागणी आपण रास्त मानतो. मग तोच न्याय जतला का नाही? संविधानाचं कलम 21 जगण्याचा हक्क देताना कुणाची मातृभाषा विचारत नाही.

नियमही आपल्या बाजूने आहेत. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार फार्मासिस्टने रुग्णाशी किंवा त्याची काळजी घेणाऱ्याशी औषधाबद्दल स्वतः बोलायचं आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नाव वाचता येईल असं लिहावं, हे 2016 च्या दुरुस्तीने सांगितलं आहे. तरी काउंटरवर गोळ्या सरकवल्या की काम संपतं. ज्ञान कोंडून ठेवायचं आणि ज्याला ते दिलं नाही त्यालाच मूर्ख ठरवायचं, ही रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

म्हणून मागणी आणि काम दोन्ही हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांच्या पुडीवर सूर्य, चंद्र, ताटाची चित्रं आणि स्थानिक भाषेत सूचना मिळाल्या पाहिजेत. ग्रामसभेत तसा ठराव मांडा. रविवारी विहारात ज्येष्ठांना सगळ्या गोळ्या घेऊन बोलवा. प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मुदत आणि वेळ एका कागदावर उतरवा. वस्तीतली ती भाषा बोलणारी बाई सोबत घ्या. "समजलं का?" असं विचारू नका, मान सगळेच डोलावतात. "आजी, ही गोळी कधी घेणार, तुम्हीच सांगा" असं विचारा. शंका आली तर तो कागद डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडे न्या. डोस आपल्या मनाने बदलू नका, बंदही करू नका.

7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो, हार घालतो, भाषणं करतो. यंदा त्या दिवशी प्रत्येक शिकलेल्या पोराने निदान एका म्हाताऱ्या माणसाची पिशवी उघडून, त्याच्या भाषेत, गोळी न्‌ गोळी समजावून सांगावी. आपल्या पदव्यांवर त्या माणसांचा पहिला हक्क आहे.