पडदा शेवटपर्यंत का नाही?

मी व्हायोलिन वाजवते. बरं वाजवते, इतकंच. पण अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशनबद्दल वाचायचं मला व्यसन आहे. वाजवणारा पडद्याआड. त्याला नाव नाही, फक्त नंबर. बोलायचं नाही. खाली गालिचा, कारण टाचांचा आवाज आला की पलीकडच्यांना कळतं, बाई आहे. वाचून वाटतं, न्याय असावा तर असा!

मग कळतं की बऱ्याच ठिकाणी शेवटच्या फेरीत हा पडदा काढतात. म्हणजे नोकरी कुणाला द्यायची हे ठरतं, नेमकं तेव्हाच.

हे जुनं दुखणं आहे. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकला ट्रॉम्बोनवादक हवा होता. उमेदवारांत ऑर्केस्ट्राच्या ओळखीतल्या एकाचा मुलगा होता, म्हणून पक्षपाताचा आरोप नको या विचाराने पहिली फेरी पडद्याआड घेतली. त्यात पसंत पडली ॲबी कोनंट, जिला निमंत्रण 'श्रीयुत' म्हणून गेलं होतं! पुढच्या फेऱ्या पार करून तिने जागा मिळवली. वर्षभरात तिला दुसऱ्या ट्रॉम्बोनवर ढकललं. संगीत दिग्दर्शक होते सर्जिउ चेलिबिदाके. ती कोर्टात गेली. दमसास पुरेसा आहे हे दाखवायला तिला फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी लागली. (पुरुष ट्रॉम्बोनवादकांची कुणी केली होती का?) ती जिंकली, पण पगाराचं भांडण १९९३ पर्यंत चाललं. पडद्याने तिला आत आणलं. पडदा बाजूला झाल्यावर तेरा वर्षं गेली.

दुसरं उदाहरण मला जास्त टोचतं. १९६९ मध्ये दोन कृष्णवर्णीय वादकांनी, आर्थर डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन यांनी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध शहराच्या मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. कायम नेमणुकांत भेदभाव सिद्ध झाला नाही. बदली आणि जादा वादकांच्या बाबतीत मात्र झाला. तिथे ऑडिशनच नव्हती, फोन होते. कुणी आजारी पडलं की ओळखीच्याला बोलवायचं. असा बदली वादक पुढे ऑडिशनला आला की सगळे त्याला ओळखतात, आणि कित्येक ऑर्केस्ट्रांत अशांना पहिली फेरी माफ असते.

२०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक अँथनी टॉमासिनी यांनी लिहिलं की पडदाच काढा, तरच ऑर्केस्ट्रात विविधता येईल. त्यांची तळमळ मला मान्य आहे, कृष्णवर्णीय वादक आजही फार थोडे आहेत. पण पडदा काढल्यावर आधी कोण दिसणार? ज्याचे सर त्याच ऑर्केस्ट्रात वाजवतात तो.

"सोबत वाजवून बघावं लागतं," असं पडदा काढणारे म्हणतात. बघा की! त्यासाठीच तर नेमणुकीनंतर परिवीक्षेचा काळ असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ऑर्केस्ट्रा शेवटच्या फेरीपर्यंत पडदा ठेवतो, आणि तिथे काही वाईट वाजत नाही. इतरांनीही ठेवावा. फेरी कुणालाच माफ नको. बदली वादकांची यादीसुद्धा पडद्याआडच्या ऑडिशनमधूनच करावी. आणि परिवीक्षेत कुणाला नाकारलं, तर कारण लेखी द्यावं, खाली सही करून.