मनोहर माळगावकर : आपण न वाचलेला सैनिक

१/
आरंभी एक प्रश्न. पु. ल. देशपांडे यांच्या अनुवादित पुस्तकांत ‘कान्होजी आंग्रे’ हे एक नाव आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ कोणाचा? मराठ्यांच्या आरमाराविषयी तावातावाने वाद घालणाऱ्या किती जणांना याचे उत्तर देता येईल? आजचा धागा त्या विस्मृत लेखकाविषयी आहे आणि ती विस्मृती आपलाच दोष आहे, हे त्याचे प्रतिपादन आहे.

२/
लेखकाचे नाव मनोहर माळगावकर. जन्म १२ जुलै १९१३. १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, ते सैन्यात दाखल झाले. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे अधिकारी १९५२ मध्ये लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावरून बाहेर पडले. महायुद्ध, फाळणी आणि स्वतंत्र भारताची पहिली वर्षे त्यांनी गणवेशात पाहिली.

३/
पुढे काय केले? बेळगाव-गोवा सीमेलगतच्या जंगलात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जगलबेट येथे त्यांनी बिऱ्हाड थाटले आणि मँगनीजच्या खाणीचा व्यवसाय केला. शेती केली. निवडणुकीस उभे राहिले, निवडून आले नाहीत. एके काळी वाघांची शिकार केली, नंतर बंदूक खाली ठेवून वन्यजीवांच्या रक्षणाची बाजू घेतली. आणि या साऱ्या उलाढालीत ते लिहीत राहिले.

४/
पहिला ग्रंथ १९५९ चा, विषय कान्होजी. इंग्रजांच्या कागदोपत्री कान्होजी ‘चाचा’, म्हणजे समुद्री लुटारू. हा शिक्का किती पोकळ आहे, ते पाहा. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास आले. ते मराठी राज्याचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, ही त्यांची मागणी. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाने तेच करीत. एकाचा परवाना म्हणजे कायदा आणि दुसऱ्याचा म्हणजे दरोडा, हा कोणता न्याय?

५/
१७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून गेले, परतले. १७२० मध्ये विजयदुर्ग; परतले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा, तेथूनही परतले. ही कहाणी माळगावकरांनी थेट इंग्रजीत, म्हणजे ज्या भाषेत बदनामी झाली त्याच भाषेत जगापुढे मांडली. दिवाणखान्यात बसून अभिमान बाळगणे सोपे आहे. प्रतिपक्षाच्या दरबारात उभे राहून युक्तिवाद करणे अवघड.

६/
त्यानंतर देवासच्या थोरल्या पातीच्या पवारांचा इतिहास (१९६३), कोल्हापूरच्या छत्रपतींचा इतिहास (१९७१), नानासाहेब पेशव्यांवरील कादंबरी (१९७२). फाळणीवरील त्यांची ‘अ बेंड इन द गँजेस’ १९६४ ची. गांधीहत्येवरील ग्रंथासाठी (१९७८) शिक्षा भोगून सुटलेल्यांना त्यांनी स्वतः गाठले, बोलते केले. आरोपींना नायक वा राक्षस ठरवण्यापूर्वी त्यांचे ऐकून घेणे, हा शोधकाचा धर्म आज किती जण पाळतात?

७/
आक्षेप ठाऊक आहेत. ‘ते इंग्रजीत लिहीत.’ मग? दस्तऐवज फार्सीत असला तर आपण तो फेकून देतो काय? ‘ते प्राध्यापक नव्हते.’ खरे आहे. परंतु फौजेची हालचाल, रसद, आज्ञा आणि भीती यांचा दहा वर्षांचा अनुभव कोणत्या विद्यापीठात मिळतो?

८/
एक आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो झाकून ठेवू नये. संस्थानिकांविषयी माळगावकरांना ममत्व होते. ‘द प्रिन्सेस’ (१९६३) ही कादंबरी वाचताना मावळत्या दरबाराविषयीची हुरहुर जाणवते. रयतेचा आवाज तेथे क्षीण आहे. म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. त्यांचे म्हणणे तपासा. पण तपासण्यासाठी आधी वाचावे लागते!

९/
१४ जून २०१० रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, जगलबेटच्या त्याच रानातल्या बंगल्यात त्यांचे निधन झाले. ज्या मराठी समाजाच्या दर्यासारंगाची बाजू त्यांनी जगापुढे लढवली, त्या समाजात आज त्यांचे नाव काढले तर ‘कोण माळगावकर?’ असा प्रतिप्रश्न येतो. याला कृतघ्नतेखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

१०/
हा रोग एका लेखकापुरता नाही. १९४४ आणि १९४५ मध्ये इटलीच्या रणांगणावर याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तेथेच धारातीर्थी पडले. किती जणांना ही नावे पाठ आहेत? आपला इतिहास १८१८ ला थांबतो; त्यानंतरचा मराठी सैनिक जणू कोणाचा कोणीच नाही.

११/
मी हे धामणगाव रेल्वेहून लिहितो आहे. कापसाच्या बाजाराचे हे गाव. आमच्यासारख्या गावांत माजी सैनिक म्हणजे २६ जानेवारीला झेंड्याजवळची एक खुर्ची. उरलेले वर्षभर तो नुसता दुकानदार. गल्ल्यामागे बसलेल्या त्या माणसाने काय पाहिले, हे कोणी विचारत नाही. माळगावकरांच्या हाती लेखणी होती, म्हणून निदान ग्रंथालयात ते सापडतात. ज्याच्या हाती तराजू आहे, त्याचे काय?

१२/
म्हणून विनंती नव्हे, आग्रह. शिवकाळावरील पुढचा वाद आठवडाभर लांबणीवर टाका. आपल्या गावातील अशा एका वृद्धाकडे वही घेऊन जा. पलटण कोणती, साल कोणते, सोबती कोण, परतल्यावर धंदा कसा उभा केला, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे तारीख घालून लिहून ठेवा. तो गेल्यावर वाहिलेल्या श्रद्धांजलीला पुरावा म्हणत नाहीत.