रात्रपाळीला कोण आहे?

शिबिराचं पत्रक निघालं की त्यावर सगळं असतं. झेंडा कोण लावणार, वक्ते कोण, नाश्त्याला काय. रात्री पोरं कुठं झोपणार आणि त्यांच्यापाशी कोण जागणार, हे एकाही पत्रकावर मी वाचलेलं नाही.

तामिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका खाजगी शाळेत एनसीसीचं शिबिर भरलं. शाळेत एनसीसीचं युनिटच नव्हतं. शिबिर बोगस, भरवणारा बोगस. कुणी साधा कागद मागितला नाही. गणवेश बघितला आणि गार झाले. १७ मुली सभागृहात झोपवल्या, लक्ष ठेवायला शाळेचं एक माणूस नाही. पहाटे एका पोरीवर अत्याचार झाला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तिनं मुख्याध्यापकाला सांगितलं, तर उत्तर आलं, घरी बोलू नको.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल ते भाडोत्री, आपण चळवळीतले. आपला दादा तसला नाही. हेच वाक्य माझ्या डोक्यात जातं. केंद्र सरकारनं २००७ साली १२,४४७ पोरांना विचारून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त पोरांनी लैंगिक छळ सांगितला. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते (पोरगा आहे, त्याला काय होतंय म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं). आणि छळणारे निम्मे ओळखीतले, भरवशाचे.

मी गोदीत बोजे उचलतो. बोजा वर लटकत असला की खाली कुणी उभं राहायचं नाही. क्रेनवाला आपलाच, देवमाणूस, तरी नाही. त्यात क्रेनवाल्याचा अपमान होत नाही. मग शिबिरात दोन मोठी माणसं कायम सोबत पाहिजेत म्हटलं की दादांना अपमान का वाटतो? एकट्या पोराला एकट्या माणसानं खोलीत न्यायचं नाही. आंघोळीची, झोपायची जागा वेगळी. आई कधीही आली तर दार उघडं. १०९८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. याला पैसा लागत नाही.

आता खरी अडचण. आपली पोरगी चौकीत गेली की तिला आधी जात विचारतात. पेपरवाले टपलेलेच. म्हणून कार्यकर्ते म्हणतात, बदनामी चळवळीची होईल, कमिटीत मिटवू. अरे, गावात पाटील दुसरं काय करत होता? घरातलं घरात मिटवत होता. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी असल्या माणसांच्या फायली दशकानुदशकं कुलपात ठेवल्या. २०२० साली संघटनेनं दिवाळखोरी जाहीर केली, ८२,००० च्या वर लोकांनी दावे लावले. लपवून अब्रू राहिली का?

आणि २०१२ चा पॉक्सो कायदा कमिटीला विचारत नाही. कळलं की पोलिसांना कळवायचं. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. चौकीत पोरीला एकटी पाठवू नका, दहाजण सोबत जा. मोर्चाला शंभर जमतात ना आपले?

येत्या मे महिन्यात शिबिर आहे. पत्रक छापखान्यात जायच्या आधी त्यावर प्रत्येक रात्रीची दोन-दोन नावं पाहिजेत, त्यात बाया पाहिजेत. नावं नसतील तर माझ्या बहिणीची पोरगी येणार नाही. आणि मी चाळीत दारोदार फिरून सांगेन, तुमचीही पाठवू नका.