मेंदूची जखम आणि पात्रतेचे कुंपण

अमेरिकेने १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला आणि १९९० साली मेंदूच्या आघातजन्य इजेला त्यात स्वतंत्र स्थान दिले. या कायद्याचे गोडवे जगभर गायिले जातात. परंतु मोटार अपघातात डोक्याला मार लागलेले मूल शाळेत परतते तेव्हा काय घडते? इजेचा शैक्षणिक कामगिरीवर प्रतिकूल परिणाम झाल्याचे आधी सिद्ध व्हावे लागते. खरी मेख येथेच आहे. अपघातापूर्वी शिकलेले पाढे नि शब्द पुष्कळदा शाबूत असतात. चाचणीत मूल तरून जाते. हरपलेले असते ते अवधान, नवे लक्षात ठेवण्याची शक्ती, दिवसभर टिकणारी उमेद. ही हानी कित्येकदा वरच्या इयत्तेत अभ्यास वाढल्यावरच उघडी पडते. तोवर मूल आळशी ठरलेले असते! धनिक पालक खासगी तज्ज्ञाचा अहवाल आणि वकील दोन्ही विकत घेतो. सफाई कामगाराने काय करावे?

हा निव्वळ अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा नव्हे. प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार केंद्र उचलील, असे १९७५ साली ठरले; ती पातळी आजवर एकदाही गाठली गेलेली नाही. उरलेला बोजा राज्यांवर आणि मालमत्ता करावर विसंबलेल्या स्थानिक शाळांवर पडतो. गरीब वस्तीतील शाळेला मग प्रत्येक पात्र मूल म्हणजे खर्चाची नवी बाब वाटू लागते.

अर्थात, आपणांस अमेरिकेला हसण्याचा अधिकार नाही. आपल्या २०१६ च्या कायद्यातील २१ अपंगत्वांच्या यादीत या इजेचे स्वतंत्र नावही नाही.